मोटारीच्या टपावरील तंबू : निवड कशी करावी?

मनुष्यानें घर बांधिलें तें भटकण्याचा कंटाळा आला म्हणून, आणि तंबू शिवला तो घराचा कंटाळा आला म्हणून, असें आमचे एक दिवंगत सहशिक्षक विनोदानें म्हणत असत. त्या विनोदांतील तथ्य आम्हांस उतारवयांत पटूं लागलें आहे. आमच्या लहानपणीं पंढरपुरास किंवा नरसोबाच्या वाडीस जावयाचें म्हणजे एक वळकटी, दशम्यांचा डबा आणि उतरावयास धर्मशाळा, एवढीच प्रवासाची सामग्री असे. हल्लींचीं मुलें मोटारीच्या टपावरच बिऱ्हाड थाटून निघूं पाहतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मोटार आहे, आणि कित्येकांच्या घरीं तरुण मंडळींनीं ‘टपावरचा तंबू घेऊं या’ असा हट्टहि धरिला असेल. आमच्या घरीं तो २०२४ सालच्या श्रावणांत धरिला गेला. त्या निमित्तानें आम्हीं जी चौकशी केली, जो अनुभव पदरीं पडला, आणि त्यांतून कुटुंबांतील एक नाजूक प्रश्न कसा उभा राहिला, तें सर्व येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें सांगतों. मोटारीच्या टपावर दोन आडव्या दांड्या बसवितात. त्या दांड्यांस एक चापट पेटी किंवा घडी केलेलें बोचकें नटबोल्टांनीं जखडलेलें असतें. मुक्कामाच्या जागीं तें उलगडलें कीं गादीसकट खोली तयार. शिडीनें वर चढावें आणि निजावें. खुंट्या ठोकावयास नकोत, खडे वेंचावयास नकोत, खालून ओल येत नाहीं, आणि विंचूकिरडूंचें भय पुष्कळ कमी होतें. इटलींत १९५८ सालीं या तऱ्हेचा तंबू विक्रीस आला. पुढें जर्मनीचे दोन तुकडे असतांना पूर्व जर्मनींतील लोक आपल्या चिमुकल्या ट्राबांट मोटारीवरहि असा तंबू बसवून सहलीस जात. आफ्रिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशांतून हिंडणाऱ्यांनीं तर तो विशेष आपलासा केला. आतां तो आपल्या देशांतहि मिळतो.

संस्कृतांत राजाच्या प्रवासांतील तंबूस ‘उपकार्या’ असा शब्द आहे. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत राजपुत्र अज इंदुमतीच्या स्वयंवरासाठीं आपल्या विदर्भाकडे निघतो, तेव्हां वाटेंत तो अशाच उपकार्यांतून उतरत जातो. परंतु त्याचे तंबू वाहावयास सारें सैन्य दिमतीस होतें. आपल्या तंबूचा भार मात्र एकट्या मोटारीच्या टपावर पडावयाचा. म्हणून निवडींतील पहिला प्रश्न रंगाचा नव्हे, ऐसपैसपणाचा नव्हे आणि किंमतीचाहि नव्हे. तो भाराचा आहे.

दिवाळीनंतर चिरंजीव आम्हांस घेऊन एका दुकानांत गेले. तेथें त्यांस एक कठीण कवचाचा तंबू फार आवडला. कुलुपें काढून नुसता हात लावला कीं पेटीचें झांकण आपोआप वर उठे. वजन विचारिलें तेव्हां ७८ किलो असें उत्तर आलें. ‘आमच्या मोटारीचा टप हें सोशील काय?’ असें आम्हीं विचारतांच दुकानदार हंसून म्हणाला, ‘काका, निर्धास्त असा. चार माणसें वर चढून नाचलीं तरी टप वाकणार नाहीं.’ चिरंजीव आगाऊ रक्कम देण्याच्या बेतांत होते. आम्हीं म्हटलें, ‘थांब. आधीं मोटारीबरोबर आलेली पुस्तिका आण.’ ती आजवर कोणी उघडलीच नव्हती. तींत टपावरील भाराची कमाल मर्यादा ७५ किलो अशी स्पष्ट छापलेली होती!

मग दुकानदार खोटें बोलला काय? पूर्णपणें नाहीं, त्यानें दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत केली. टपावरील भार दोन प्रकारचा असतो : एक चालत्या मोटारीवरचा आणि दुसरा उभ्या मोटारीवरचा. मोटार उभी असतां भार सरळ खालीं येतो आणि चारी खांबांतून चाकांवर जातो. तो टपास बराच सोसतो. म्हणूनच दोघांतिघांस वर निजतां येतें. परंतु मोटार धांवूं लागली कीं तोच भार वळणावर बाहेर ओढतो, ब्रेक लावतांच पुढें ढकलतो, खड्ड्यांत आदळतो, आणि समोरचा वारा त्याला खालून उचलूं पाहतो. शिवाय वजन उंचावर गेल्यानें गाडीचा तोल बिघडतो. बैलगाडींत ओझें मागें जास्त झालें तर ती उलार होते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें निराळें समजावयास नको. पुस्तिकेंतील आंकडा बहुधा चालत्या मोटारीसाठीं असतो, आणि तंबू निवडतांना तोच प्रमाण मानावा. पुष्कळशा मोटारींत तो ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो. कांहींत फारच कमी. सुझुकीच्या जिम्नी या रांगड्या दिसणाऱ्या गाडीच्या युरोपांतील तीन दारी नमुन्यास तो अवघा ३० किलो दिलेला आहे. अर्थात् गाडीच्या रुबाबावरून टपाचें बळ ओळखूं नये.

आम्हीं तेथेंच कागदावर गणित मांडलें. टपाची मर्यादा ७५ किलो. आडव्या दांड्यांचें स्वतःचें वजन ६ किलो. तें त्याच मर्यादेंत मोजावें लागतें. उरले ६९. तंबूंत घडी घालून ठेवावयाचीं पांघरुणें ४ किलो. उरले ६५. याचा अर्थ असा कीं, शिडीसकट तंबू ६५ किलोंहून जड चालणार नाहीं. आणि हिशेब अगदीं कांठोकांठ नको म्हणून आम्हीं ६० वर रेघ ओढली. ७८ किलोंचा तंबू आपोआपच बाद झाला. चिरंजीवांचा चेहरा उतरला; पण आंकड्यांशीं वाद घालतां येत नाहीं, हें त्यांना आम्हींच शाळेंत शिकविलें होतें.

येथें आणखी एक सूचना. टपाप्रमाणेंच आडव्या दांड्यांस आणि त्या जेथें पकडतात त्या बैठकींसहि आपापली मर्यादा असते. या तिहींपैकीं जी सर्वांत लहान, तीच खरी मर्यादा. साखळीचें बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेंच असतें. दांड्या स्वस्तांतल्या घेऊन तंबू भारी घेणें म्हणजे कच्च्या दोरानें पोहरा सोडण्यासारखें आहे.

आतां तंबूंचे प्रकार पाहूं. मुख्य दोन : कठीण कवचाचा आणि मऊ आवरणाचा. कठीण कवचाच्या तंबूचें झांकण वायूच्या दांड्यांनीं वर उठतें; कांहींचें चारी बाजूंनीं सरळ, तर कांहींचें एकाच बाजूनें, शिंपल्यासारखें. तो मिनिटाभरांत उभा राहतो आणि तितक्याच झटपट मिटतो. वाऱ्यापावसांत दणकट असतो. दोष दोन : वजन पुष्कळदां ६० ते ९० किलो, आणि किंमत जास्त. मऊ आवरणाचा तंबू पुस्तकासारखा उलगडतो. त्याचें अर्धें आंग टपावर राहतें आणि अर्धें मोटारीच्या बाहेर लोंबतें. त्या बाहेरच्या अर्ध्याला शिडीचा आधार असतो. दोन माणसांच्या अशा तंबूचें वजन सुमारें ४५ ते ६० किलो भरतें. तो उभारावयास दहापंधरा मिनिटें लागतात, मिटावयास त्याहून अधिक, आणि वरचें आवरण ओढून बसवितांना बोटें दुखून येतात. ज्यांस रोज नव्या गांवीं मुक्काम करावयाचा आहे आणि ज्यांची गाडी समर्थ आहे, त्यांनीं कठीण कवच पाहावें. ज्यांस वर्षांतून चारदोनदां, एकाच जागीं दोन रात्री राहावयाचें आहे, त्यांस मऊ तंबू पुरेसा आहे.

कापडाची परीक्षा निगुतीनें करावी. कापूस आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचा जाड कॅनव्हास हवा खेळती ठेवतो, उन्हांत कमी तापतो आणि वाऱ्यांत फडफडत नाहीं. मात्र तो जड असतो आणि वाळावयास वेळ घेतो. निव्वळ पॉलिएस्टर हलकें असतें आणि लौकर वाळतें, पण आंत दमट होतें. कापडाच्या पत्रकांत ‘२००० मिलिमीटर’ किंवा ‘३००० मिलिमीटर’ असा आंकडा दिसतो. त्याचा अर्थ असा कीं, त्या कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाहीं. मिश्र कॅनव्हास नवा असतांना एकदोन वेळां पूर्ण भिजवून वाळवावा. धागे फुगून शिवणींचीं भोकें बुजतात. पाऊस बाहेरून न आला तरी ओल आंतून येतेच. निजलेल्या माणसांच्या श्वासांतून रात्रभर वाफ निघते आणि ती थंड कापडावर व गादीखालीं जमते. म्हणून दोन्ही बाजूंस जाळीच्या खिडक्या आहेत कीं नाहींत, आणि गादीखालीं हवा खेळूं देणारी जाळीदार चटई आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. गादी पांचसहा सेंटिमीटर जाडीची आणि घट्ट फोमची असावी. पातळ गादीवर तरुणांचें भागतें, आमच्यासारख्यांच्या बरगड्या मात्र सकाळीं साक्ष देतात.

ओलीचा धडा आम्ही दुसऱ्याच्या वस्तूवर शिकलों, याची अजून लाज वाटते. सप्टेंबरच्या अखेरीस पुतण्यानें एका मित्राचा तंबू दोन दिवसांकरितां मागून आणला होता. मुळशीच्या बाजूस एक रात्र काढली. पहाटे पावसाची सर आली. घाईघाईनें तंबू ओलाच मिटला आणि ‘उद्यां वाळवूं’ म्हणून वाहनतळांत तसाच राहूं दिला. उद्यांचा परवा झाला. मध्यें कचेरीचीं कामें, मुलांच्या परीक्षा. बारा दिवसांनीं उघडला तेव्हां आंत काळ्या बुरशीचे ठिपके आणि जुन्या तळघरासारखी घाण. डाग पुरते गेले नाहींत. मित्र सज्जन, तो कांहीं बोलला नाहीं. पण आमच्या सांगण्यावरून पुतण्यानें त्याला आंतील कापड नवें घालून दिलें. तेव्हांपासून घरचा नियम असा : ओला तंबू घरीं आला कीं आधीं तो गच्चीवर किंवा अंगणांत उघडावयाचा, मग आंघोळ. ज्यांच्याकडे तंबू उघडून वाळत ठेवण्यास जागा नाहीं, त्यांनीं तो विकत घेण्यापूर्वीं पुन्हां विचार करावा.

आतां त्या नाजूक प्रश्नाकडे वळतों. तंबूचा विषय निघाला तेव्हां वर कोण निजणार याचा हिशेब चिरंजीवांनीं आधींच करून ठेविला होता : ते स्वतः, सूनबाई आणि दोन मुलें. आम्ही उभयतां त्या हिशेबांत नव्हतों. ‘अण्णा, तुम्हांला आणि आईला शिडी कशी झेपणार? तुम्ही घरीं आराम करा, आम्ही दोन दिवसांत परत येतों,’ असें ते अगदीं प्रेमानें म्हणाले. त्यांत चुकीचें कांहींच नव्हतें. परंतु त्या दिवशीं जेवतांना सौ. एक शब्द बोलली नाहीं. रात्रीं म्हणाली, ‘अहो, या घरांतला प्रत्येक प्रवास आपण सगळ्यांनीं मिळून केला. आतां पहिल्यानेंच माझ्यासाठीं जागा नाहीं.’ आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मागून आणलेला तंबू अंगणांत उभा होता तेव्हां तिनें कोणास न विचारतां पदर खोंचला आणि शिडी चढली. चढली ती सहज. वर बसून नातवंडांस हांका मारल्या. पण उतरतांना गुडघ्यानें दगा दिला. उतरावयाचें तें पाठमोरें. पाऊल खालच्या पायरीस पोहोंचेना. अकरा वर्षांच्या नातीनें तिचे दोन्ही पाय धरून एकेक पायरीवर ठेविले, तेव्हां ती खालीं आली. कोणी हंसलें नाहीं. शिडीची खरी परीक्षा चढण्यांत नसून उतरण्यांत आहे, आणि तीहि रात्रीं दोन वाजतां, अंधारांत, अर्धवट झोपेंत! साठी उलटलेल्या मनुष्यास रात्रीं एकदोनदां उठावें लागतें. त्याला टपावर निजविणें म्हणजे अपघातास आमंत्रण आहे. पांच वर्षांखालील मुलांचीहि तीच गोष्ट. शिडीच्या पायऱ्या रुंद असाव्यात, कोन फार उभा नसावा, आणि चढतांना पायांत चप्पल असावी. अनवाणी तळव्यांस त्या अरुंद दांड्या रुततात.

म्हणून आम्हीं प्रश्नच बदलला. ‘आजीआजोबा वर कसे चढतील?’ असें न विचारतां ‘आजीआजोबांना खालीं जागा कोठें होईल?’ असें विचारिलें. आणि उत्तर तंबूच्या रचनेंतच सांपडलें. मऊ तंबूचा जो अर्धा भाग मोटारीबाहेर लोंबतो, त्याच्या खालीं चारी बाजूंनीं कापडी भिंती जोडून एक खोली करतां येते. ही खालची खोली वेगळी मिळते. तिचें वजन टपावर न टाकतां ती मोटारींत आंत ठेवावी. तींत दोन घडीच्या खाटा मावल्या. भाराच्या गणितानें मऊ तंबूच सुचविला होता. कुटुंबाच्या गणितानेंहि तोच सुचविला. शेवटीं ५२ किलोंचा, १४० सेंटिमीटर रुंदीचा तंबू घेतला. खर्च कमी झाला असें नाहीं. बऱ्यापैकीं तंबूस आपल्याकडे लाखाच्या आसपास मोजावे लागतात, आणि त्यापुढें तर सीमाच नाहीं.

जानेवारी २०२५ मध्यें गुहागरच्या बाजूस एका नातलगांच्या वाडींत पहिला मुक्काम केला. तेथें जें शिकलों तें थोडक्यांत सांगतों. नातलगांनीं हौसेनें नारळीच्या सावलींत जागा दाखविली. आम्हीं हात जोडून नको म्हटलें. वरून पडणारा नारळ किंवा झावळी कापडास जुमानीत नाहीं. जुन्या झाडाच्या वाळक्या फांद्याहि तशाच. गाडी शक्य तितक्या सपाटीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावे. थोडा उतार राहिलाच तर उशी उंच बाजूस ठेवावी. पुळणींत शिडीचे पाय रुततात, आणि अर्ध्या तंबूचा आधार तीच शिडी असल्यानें वरची खोली कलते. म्हणून पायांखालीं फळी घालावी. समुद्रावरील वारा रात्रीं दिशा बदलतो. दार वाऱ्याच्या पाठीकडे ठेवावें.

कांहीं गोष्टी तर जिवावर बेतणाऱ्या आहेत. तंबूंत किंवा खालच्या खोलींत शेगडी, कंदील, कोळशाचें घमेलें पेटवूं नये. आगीचें भय आहेच, शिवाय बंद जागेंत कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायु सांचतो. त्याला वासहि नाहीं आणि रंगहि नाहीं. वर माणसें निजलीं असतां मोटारीचें यंत्र चालू ठेवूं नये. तंबूचे नटबोल्ट पहिल्या पन्नासेक किलोमीटरांनंतर थांबून पुन्हां आवळावे आणि पुढें प्रत्येक प्रवासापूर्वीं हलवून पाहावे. तंबूनें गाडीची उंची फुटाभरानें वाढते. ती मोजून कागदाच्या चिठ्ठीवर लिहावी आणि चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावी, म्हणजे तळघरांतील वाहनतळाच्या आडव्या दांडीशीं गांठ पडत नाहीं. वारा अडल्यानें इंधन जास्त लागतें आणि वळणावर वेग कमी ठेवावा लागतो. म्हणून गरज नसेल तेव्हां तंबू उतरवून ठेवणें बरें. टपास भोकें पाडून कायमची बैठक करण्याच्या भरीस पडूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें वाहनाच्या मूळ बांधणींत बदल करण्यावर निर्बंध आहेत.

तेव्हां सार असें. आधीं पुस्तिका उघडावी, मग दुकानाची पायरी चढावी. एकदा तरी भाड्यानें किंवा मागून आणून त्यांत रात्र काढावी, आणि मागून आणलेला वाळवून परत करावा. कोण वर निजणार आणि कोण खालीं, हें सर्वांच्या समक्ष ठरवावें. ज्यांच्या गुडघ्यांविषयीं बोलणें चाललें आहे, त्यांना त्या बोलण्यांतून वगळूं नये.

आणि त्या रात्रीचें एक सांगावयाचें राहिलें. ठरल्याप्रमाणें चिरंजीव, सूनबाई आणि सात वर्षांचा नातू वर गेले. नात आपण होऊन आजीजवळ खालीं राहिली. मध्यरात्रीं शिडी वाजली. पाहतों तों नातवास धरून चिरंजीव खालीं उतरत आहेत. ‘याला आजीजवळच निजावयाचें आहे,’ म्हणाले. सौ.नें नुसतें पांघरूण उचललें. सकाळीं वरच्या खोलींत दोघें होतीं आणि खालीं दोन खाटांवर आम्ही चौघें. ‘अण्णा, पुढल्या खेपेस खालची खोलीच मोठी घ्यावी म्हणतों,’ असें चिरंजीव म्हणाले, तेव्हां सौ. चहाचा पेला त्यांच्या हातीं देत म्हणाली, ‘आधीं हिचे पैसे फिटूं देत.’